जेराल्ड वायलीला कोणी पाहिलंय?

लंडनच्या वेम्बली भागात टीव्ही स्टुडिओजवळ एक चिनी रेस्टॉरंट होतं. 1960 च्या दशकाच्या अगदी शेवटी, एका संध्याकाळी तिथे ‘फ्रॉस्ट ऑन संडे’ या कार्यक्रमाची मंडळी जेवायला जमली होती. आमंत्रण होतं जेराल्ड वायलीचं. वायली हा कार्यक्रमाचा नवा लेखक. त्याची स्किटं चांगलीच रंगत होती, पण त्याला आजवर कोणी पाहिलं नव्हतं. संहिता यायच्या त्या एजंटामार्फत, टाइप केलेल्या. आज स्वारी प्रत्यक्ष दर्शन देणार होती, म्हणून सगळ्यांच्या नजरा दाराकडे.

तर्क आधीपासूनच चालू होते. कोणी म्हणे हा नाटककार टॉम स्टॉपर्ड, कोणी म्हणे अॅलन बेनेट. काहींची मजल थेट नोएल कॉवर्डपर्यंत गेली होती. विनोदी लेखक फ्रँक म्युरवर बऱ्याच जणांची पैज होती. जेवणात मग कार्यक्रमाचा एक मुख्य नट उठून उभा राहिला आणि म्हणाला, वायली मीच. हा नट म्हणजे रॉनी बार्कर. क्षणभर कोणाचा विश्वास बसेना. टेबलावर बसलेल्या बॅरी क्रायर या लेखकाने तेवढ्यात टोला हाणला. आपल्या भाषेत सांगायचं तर, ‘आगाऊ माणूस कोणालाच आवडत नाही.’

ब्रिटिश टीव्हीच्या जगात हा किस्सा इतक्यांदा सांगितला गेलाय की आता तो नुसता गमतीचा झालाय. मला त्यात गमतीपेक्षा जास्त काही दिसतं. ज्याला पडद्यावर यायला कोणाची परवानगी लागत नव्हती, त्या माणसाने स्वतःच्याच कार्यक्रमात मागच्या दाराने शिरावं, हे कशासाठी? आणि नाव फुटल्यावरही पुढची जवळजवळ वीस वर्षं त्याने ते टोपणनाव सोडलं नाही, ते का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर बार्करने स्वतः देऊन ठेवलंय. दुसऱ्याचं आपल्याला शोधावं लागतं.

आपल्याकडे बार्करचं नाव फारसं कोणाला ठाऊक नाही, म्हणून आधी थोडी ओळख. जन्म 25 सप्टेंबर 1929, बेडफर्ड. वाढला ऑक्सफर्डमध्ये. वडील तेलकंपनीत कारकून. पोराने आधी आर्किटेक्चर धरलं, ते सोडलं, मग बँकेत चिकटला. बँकेत राहिला असता तर इथे लिहायला काही उरलं नसतं. पण 15 नोव्हेंबर 1948 रोजी एल्सबरी गावच्या थिएटरात तो पहिल्यांदा पैसे घेऊन रंगमंचावर उभा राहिला आणि बँक सुटली.

तेव्हाच्या इंग्लंडातल्या या गावोगावच्या नाटक मंडळ्या म्हणजे नटांचा कारखानाच. आठवडाभर एक नाटक रात्री करायचं, आणि दिवसा पुढच्या आठवड्याच्या नाटकाची तालीम. या सोमवारी म्हातारा सरदार, पुढच्या सोमवारी खानसामा, त्यापुढच्या सोमवारी चोर. चेहरा, आवाज, चाल सगळं सात दिवसांत बदलायचं. आपल्या संगीत नाटक मंडळ्यांतल्या नटांना हे ऐकून काही नवल वाटलं नसतं. बार्करच्या आयुष्यात मध्ये एक मंडळी बुडालीसुद्धा, तेव्हा त्याने ऑक्सफर्डच्या इस्पितळात वॉर्डबॉयचं काम केलं. पुढे ऑक्सफर्ड प्लेहाउस, तिथे दिग्दर्शक पीटर हॉलची नजर पडली, आणि 1955 मध्ये लंडन. 1959 पासून बीबीसी रेडिओच्या ‘द नेव्ही लार्क’ या मालिकेत तो निरनिराळे आवाज काढत होता.

हा तपशील मी भरीला घातलेला नाही. या सगळ्या वर्षांत बार्कर शिकला तो एकच धडा: दुसऱ्याच्या कातडीत शिरलं की काहीही करता येतं. त्याची उलट बाजू म्हणजे, स्वतःच्या कातडीत असताना काहीच जमत नाही. हा मनुष्य अतिशय लाजाळू होता. वेशभूषा नाही, मिशी नाही, चष्मा नाही, पात्र नाही, आणि नुसतं प्रेक्षकांसमोर उभं राहून दोन शब्द बोला म्हटलं, की याचं पाणी पाणी. गप्पांच्या कार्यक्रमांपासून तो लांबच राहायचा.

1966 मध्ये बीबीसीवर ‘द फ्रॉस्ट रिपोर्ट’ सुरू झाला. डेव्हिड फ्रॉस्टचा हा विडंबनाचा कार्यक्रम. लेखकांच्या यादीत पुढे ‘माँटी पायथन’ ही गाजलेली विनोदी टोळी झालेली पाचही ब्रिटिश पोरं होती, शिवाय मार्टी फेल्डमन, क्रायर वगैरे. नटांमध्ये उंच जॉन क्लीझ, मध्यम बार्कर आणि बुटका रॉनी कॉर्बेट. या तिघांना उंचीच्या उतरत्या क्रमाने उभं करून केलेलं, इंग्लंडातल्या वर्गव्यवस्थेवरचं स्किट आजही दाखवतात. क्लीझ आणि लेखकांतले बरेचसे केंब्रिज-ऑक्सफर्डचे पदवीधर. बार्कर आणि कॉर्बेट विद्यापीठात न शिकलेले. दोन्ही रॉनींची दोस्ती जमली त्यात या गोष्टीचाही हात होता.

मग फ्रॉस्ट नव्या लंडन वीकएंड टेलिव्हिजनकडे गेला, 1968 मध्ये ‘फ्रॉस्ट ऑन संडे’ सुरू झालं, आणि दोन्ही रॉनी तिथे गेले. आपलं प्रकरण सुरू होतं ते इथे.

बार्करला लिहायचं होतं. आता नटाने लिहिणं म्हणजे काही पाप नाही. पण साप्ताहिक कार्यक्रमाच्या वाचनाला बसलेल्या खोलीची कल्पना करा. टेबलाभोवती सात-आठ जण, समोर पंधरा-वीस संहिता, त्यातल्या चार-पाच घ्यायच्या. मुख्य नट खिशातून कागद काढतो आणि म्हणतो, ‘मीही एक लिहिलंय.’ कोण म्हणेल, भिकार आहे म्हणून? वाईट असलं तरी हसतील, आणि चांगलं असलं तरी ते खरंच चांगलं आहे म्हणून हसले की आपलं नाव बघून, हे त्याला कधीच कळणार नाही. बार्करने सांगितलेलं कारण हेच. मी स्टार आहे म्हणून माझं घेऊ नका, जमलं असेल तरच घ्या. दहावीच्या उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी बैठक क्रमांक असतो ना, त्यातला प्रकार.

बैठक क्रमांक ठरला जेराल्ड वायली. बार्करचा एजंट पीटर ईड याला कटात घेतलं. ईडने सांगायचं, की वायली नावाचा माझा एक अशील आहे, त्याने काही स्किटं पाठवलीत, बघा जमतात का. ती जमली.

इथपर्यंत हा साधा प्रयोग आहे. पण बार्कर मुळात नट. त्याला नुसतं लपणं पुरेना, त्याने लपण्याचीही भूमिका वठवली. वाचनाच्या वेळी तो वायलीच्या संहितेतल्या चुका काढायचा. ही ओळ चालणार नाही म्हणायचा. एकदा तर यातला एक विनोद मला कळलाच नाही म्हणाला. बाकीचे वायलीची बाजू घ्यायचे. स्वतःच्याच ओळीवर नाक मुरडायचं आणि चार तयारीच्या माणसांनी त्या ओळीचा बचाव केलेला ऐकायचा, असं सुख फार लेखकांच्या नशिबी येत नसेल.

कॉर्बेटचं प्रकरण तर त्याहून वरताण. डॉक्टरच्या वेटिंग रूमवरचं वायलीचं एक स्किट कॉर्बेटला इतकं आवडलं, की आपल्या रंगमंचावरच्या कार्यक्रमांसाठी त्याने त्याचे हक्क मागितले. एजंटाने किंमत सांगितली 3,000 पौंड. त्या काळात ही भलतीच रक्कम. कॉर्बेटने सल्ला विचारला तो बार्करलाच, आणि बार्कर म्हणाला, छे, फारच मागतोय हा माणूस, देऊ नकोस. थोड्या दिवसांनी वायलीकडून निरोप आला: तुम्ही माझी स्किटं फार छान करता, फुकट घ्या.

मला हा भाग वाचताना नेहमी थोडं अवघडल्यासारखं होतं. मित्राला असं खेळवणं हे शुद्ध थट्टेत मोडतं की त्यात जरा क्रौर्यही आहे? कॉर्बेटने मनावर घेतलं नाही. पुढे आयुष्यभर तो ही हकीकत स्वतःच रंगवून सांगत राहिला. त्यामुळे आपण बाहेरच्यांनी फार चिकित्सा करू नये, हे खरं. पण एक गोष्ट नोंदवायला हवी. निष्पक्ष निकालासाठी सुरू झालेला प्रयोग इथे केव्हाच पुढे निघून गेला होता. निकाल तर लागलेला होता, स्किटं पास झाली होती. त्यानंतर जे चाललं होतं ते एका पात्राचं बांधकाम. जेराल्ड वायली ही बार्करची सर्वांत लांबलेली भूमिका.

इथे मराठी वाचकाला ठणठणपाळ आठवल्याशिवाय राहणार नाही. जयवंत दळवींनी ‘ललित’ मासिकात त्या नावाने वर्षानुवर्षं लिहिलं, आणि वसंत सरवट्यांनी त्याच्या हातात भलामोठा हातोडा दिला. पण दोन्हींतला फरक बघण्यासारखा आहे. ठणठणपाळ मुखवटा घालून दुसऱ्यांना हाणत होता. वायलीने मुखवटा घातला तो आपल्यालाच कोणी हाणतंय का ते बघायला.

चिनी रेस्टॉरंटात गुपित फुटलं. मग वायलीचं काय झालं?

काहीच झालं नाही. तो कामाला लागला. 1970 मध्ये लंडन पॅलेडियममध्ये एका पुरस्कार सोहळ्यात तांत्रिक बिघाड झाला. स्टेजवर असलेल्या दोन्ही रॉनींनी तो वेळ काहीही तयारी नसताना मारून नेला. प्रेक्षकांत बीबीसीचा अधिकारी बिल कॉटन बसला होता. त्याने जोडीला उचललं आणि 10 एप्रिल 1971 रोजी ‘द टू रॉनीज’ सुरू झालं. 1987 पर्यंत बारा मालिका. सुरुवातीला टेबलामागे बसून खोट्या बातम्या, मग स्किटं, कॉर्बेटचं खुर्चीतलं वाहवत जाणारं आख्यान, बार्करचं कुठल्या तरी संघटनेचा प्रवक्ता वगैरे होऊन केलेलं निवेदन, हप्त्याहप्त्याने चालणारी एक गोष्ट, शेवटी गाणं आणि पुन्हा टेबल. कॉर्बेट खुर्चीत बसायचा तो कॉर्बेट म्हणूनच. बार्कर मात्र एकटा कॅमेऱ्यासमोर यायचा तो कायम कोणीतरी दुसरा होऊन. बातम्यांच्या टेबलाशी तेवढा तो स्वतः असायचा, पण तिथे शेजारी कॉर्बेट होता.

या कार्यक्रमाच्या लेखनातला मोठा वाटा वायलीचा. आणि वायलीचं सर्वांत गाजलेलं स्किट प्रसारित झालं 18 सप्टेंबर 1976 रोजी. हार्डवेअरचं दुकान. खाकी डगल्यातला दुकानदार कॉर्बेट, गिऱ्हाईक बार्कर. गिऱ्हाईक म्हणतं, ‘फोर कँडल्स.’ दुकानदार चार मेणबत्त्या आणून ठेवतो. गिऱ्हाईक म्हणतं, तसं नव्हे, ‘फोर्क हँडल्स’, बागेतली माती उकरायच्या काट्याला बसवायचा दांडा. कष्टकरी इंग्रज माणूस बोलताना शब्दाच्या सुरुवातीचा ‘ह’ गिळतो, आणि ‘फोर्क’मधला ‘र’ तर तिथे फारसं कोणी उच्चारत नाही. त्यामुळे दोन्ही गोष्टी कानाला एकच लागतात. मग ‘ओज’ मागितल्यावर कुदळीसारखं अवजार येतं, पाण्याचा पाइप येतो, आणि खरं तर हवी असतात फाटकावर घराचं नाव लावायला ‘ओ’ ही अक्षरं. असं करत करत यादी संपेपर्यंत दुकानदार वेडापिसा.

भाषांतरात हे मरतं हे मला मान्य आहे. पण कारागिरी भाषांतरातही दिसते, म्हणून जरा थांबतो. आपल्याकडच्या कोटीत बोलणाऱ्याला माहीत असतं की आपण कोटी करतोय. तो करतो, समोरचा ‘वा’ म्हणतो. या स्किटमध्ये कोटी आहे, पण कोटी करणारा कोणी नाही. गिऱ्हाईक प्रामाणिक आहे, दुकानदारही प्रामाणिक आहे. दोघांपैकी कोणीही विनोद करत नाहीये. दुकानदाराला तर शेवटी वाटायला लागतं, की हा मनुष्य आपली टिंगल करतोय. विनोद दिसतो तो फक्त बघणाऱ्याला. लिहिणाऱ्याने स्वतःला संहितेतून पूर्ण पुसून टाकलंय, दोन्ही पात्रांपैकी कोणाच्याही तोंडून तो बोलत नाही. कागदावर दिसेनासं होण्याची कला आणि श्रेयनामावलीत दिसेनासं होण्याची सवय, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं मला वाटत नाही.

या स्किटचं हस्तलिखित 2007 मध्ये लिलावात 48,500 पौंडांना गेलं.

आता त्या दुसऱ्या प्रश्नाकडे. 1971 नंतर वायली म्हणजे कोण हे धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं. बैठक क्रमांकाचा उपयोग संपला होता. तरी नाव टिकलं. एवढंच नव्हे, नवी नावं निघत राहिली. एका उमरावाच्या मालिकेसाठी तो जोनाथन कोबाल्ड झाला. 1988 ची ‘क्लॅरेन्स’ ही त्याची शेवटची विनोदी मालिका, तिच्यावर लेखक म्हणून नाव आहे बॉब फेरिस. विनोदी लेखक-नट स्पाइक मिलिगनबरोबर लिहिलेल्या एका हप्त्यांच्या गोष्टीला श्रेय होतं, ‘स्पाइक मिलिगन आणि एक सद्गृहस्थ’. सद्गृहस्थ कोण ते सांगायला नको.

याची दोन कारणं मला दिसतात, आणि दोन्ही माझा अंदाज आहे. पहिलं व्यवहारी. कार्यक्रमाचं नाव ‘दोन रॉनी’. दोघे बरोबरीचे, यावर अख्खा डोलारा उभा. दर आठवड्याला शेवटी ‘लेखन: रॉनी बार्कर’ अशी पाटी आली असती तर एक रॉनी मोठा आणि एक छोटा झाला असता, आणि छोटेपणाचे विनोद तर कॉर्बेटवर आधीच रोज होत होते. वायलीच्या नावाने ती पाटी झाकली. सोळा वर्षं टिकलेल्या जोड्या विनोदाच्या धंद्यात थोड्या. त्यात या झाकपाकीचाही वाटा असावा.

दुसरं कारण स्वभावाचं, आणि मला तेच जास्त पटतं. बार्करला ‘मी हे लिहिलं’ म्हणून उभं राहणं जमतच नव्हतं. जसं त्याला ‘मी रॉनी बार्कर’ म्हणून माइकसमोर उभं राहणं जमत नव्हतं, तसंच. लेखक हेही त्याला एक पात्र लागायचं.

टोपणनावाने त्याला टीकेपासून वाचवलं का? पुरतं नाही. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला बीबीसीच्याच ‘नॉट द नाइन ओक्लॉक न्यूज’ या तरुण मंडळींच्या कार्यक्रमात दोन्ही रॉनींचं जहाल विडंबन झालं. रोख असा, की तुमच्या चावट कोट्या आणि तीच ती गाणी आता पुरे. कॉर्बेटने हसून सोडून दिलं. बार्करला ते लागलं. आपल्याच घरातल्यांनी आपल्याला असं झोडपावं हे त्याला सहन झालं नाही. निःपक्ष निकाल मागणारा हाच तो माणूस. निकाल विरुद्ध गेल्यावर त्याचंही तुमच्याआमच्यासारखंच झालं. मला तर यामुळे तो जास्त जवळचा वाटतो.

टीका अगदीच गैरलागू नव्हती. वायलीचं सगळंच काही हार्डवेअरच्या दुकानाच्या तोडीचं नाही. बायकांच्या शरीरावरचे कितीतरी विनोद आज बघवत नाहीत. हप्त्यांच्या गोष्टी लांबतात. आणि नट म्हणून त्याचं सर्वांत खोल काम वायलीच्या नव्हे, दुसऱ्यांच्या लेखनात आहे: डिक क्लेमेंट आणि इयन ला फ्रेने यांच्या ‘पॉरिज’ मधला (1974 ते 1977) जुना कैदी फ्लेचर, आणि रॉय क्लार्कच्या ‘ओपन ऑल अवर्स’ मधला तोतरा, चिक्कू किराणा दुकानदार. दोन्ही मालिकांची बीजं 1973 च्या ‘सेव्हन ऑफ वन’ या सात सुट्या गोष्टींच्या मालिकेतली. फ्लेचरमध्ये जे दुःख आहे ते वायलीला कधी लिहिता आलं नाही. कोट्या करणारी नजर इतकी थांबत नाही.

1987 च्या शेवटी, वयाच्या 58 व्या वर्षी, बार्करने काम थांबवलं. तब्येत, हृदयाचं दुखणं, आणि नवं काही सुचेनासं झाल्याची जाणीव. निरोपाचा समारंभ नाही, मुलाखतींचा धडाका नाही. पत्नी जॉयबरोबर त्याने ऑक्सफर्डशरमधल्या चिपिंग नॉर्टन गावी जुन्या वस्तूंचं दुकान टाकलं, नाव ‘द एम्पोरियम’, आणि दहाएक वर्षं चालवलं.

या दरम्यान एकदाच त्याने मोठा प्रयोग केला, आणि तो या प्रकरणातला शेवटचा पुरावा म्हणून महत्त्वाचा आहे. 1998 मध्ये मुलगी शार्लटसाठी त्याने ‘मम’ हे नाटक लिहिलं. लंडनच्या किंग्ज हेड थिएटरात ते झालं. यावेळी ना वायली, ना कोबाल्ड, ना सद्गृहस्थ. नाटक बार्करचं हे सगळ्यांना माहीत होतं. समीक्षकांनी ते पार आडवं केलं. नाव मोठं असलं की लोक वाईटालाही चांगलं म्हणतील, ही 1968 मधली त्याची भीती. इथे नेमकं उलट झालं: मोठ्या नावाने फक्त मोजपट्टी लांब केली. हेच नाटक एजंटामार्फत, कोण्या अनोळखी माणसाचं म्हणून गेलं असतं तर? कदाचित रंगमंचावर आलंच नसतं. म्हणजे तो जुना बैठक क्रमांक त्याला याही वेळी उपयोगी पडला असता, वेगळ्या अर्थाने.

पुढे 2002 मध्ये ‘द गॅदरिंग स्टॉर्म’ या चित्रपटात चर्चिलच्या नोकराची भूमिका केली, 2005 मध्ये कॉर्बेटबरोबर जुन्या स्किटांचा एक कार्यक्रम, आणि त्याच वर्षी 3 ऑक्टोबरला तो गेला. मार्च 2006 मध्ये वेस्टमिन्स्टर अॅबीत स्मरणसभा झाली. तिथल्या मिरवणुकीत रिवाजाप्रमाणे दोन मेणबत्त्या धरतात. त्या दिवशी चार होत्या. खचाखच भरलेल्या त्या चर्चमध्ये कुजबूज झाली, मग हसू पसरलं. चारच का, हे तिथे कोणालाही समजावून सांगावं लागलं नाही. स्किट मात्र जेराल्ड वायलीचं होतं.